बाप्तिस्म्यानंतरचीं आठ वर्षें

पंडिता रमाबाईंचें नांव महाराष्ट्रांत दोन कारणांनीं निघतें. शारदासदन काढून विधवांच्या शिक्षणाचा पाया घालणारी बाई हें एक, आणि शास्त्र्याची विदुषी मुलगी ख्रिस्ती झाली हें दुसरें. या दुसऱ्या गोष्टीचा निकाल लोकांनीं फार लौकर लावून टाकला. कोणी म्हणाले, परदेशाला जाऊन बाईची मति फिरली. कोणी म्हणाले, बाईला सत्य सांपडलें. दोघांच्याही हिशेबीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं, इंग्लंडांतील वाँटेज गांवच्या देवळांत मस्तकावर पाणी पडलें त्याच दिवशीं प्रकरण संपलें. खुद्द रमाबाईंचें म्हणणें मात्र निराळें आहे. १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, त्या दिवशीं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. आणि हें आपल्या ध्यानांत यावयास पुढें आठ वर्षें जावीं लागलीं. चरित्रकार या आठ वर्षांवरून बहुधा घाईघाईनें पुढें जातात, कारण त्यांत बाहेरून दिसणारा पराक्रमच इतका आहे कीं आंतली तगमग सहज झांकली जाते. परंतु ज्याला रमाबाईंचें अंतःकरण जाणून घ्यावयाचें आहे, त्यानें याच वर्षांपाशीं थांबलें पाहिजे.

थोडें मागें जाणें अवश्य आहे. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानांतील गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान्. त्यांनीं आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविलें, म्हणून उडुपीस धर्माधिकाऱ्यांपुढें उभें राहून त्यांना आपली बाजू शास्त्राधारें सिद्ध करून दाखवावी लागली. तीच विद्या आईनें मुलीला दिली. कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणें सांगत देशभर फिरत असे. जवळ होतें तें ब्राह्मणभोजनांत आणि दानधर्मांत संपलें, आणि मग दुष्काळ आला. उपास, व्रतें, पाण्यांत उभें राहून केलेले जप, यांपैकीं कांहीं करावयाचें राहिलें नाहीं. पण देव प्रसन्न झाल्याची खूण कोठें दिसेना. १८७४ सालीं वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढें थोरली बहीणही पटकीनें गेली. मरतेवेळीं अनंतशास्त्र्यांनीं या धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितलें कीं, तुला देवाच्या हातीं दिलें आहे, तूं त्याचीच राहा आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. कोणता देव, हें सांगण्याची त्या शास्त्र्यांना गरज वाटली नसेल. मुलीला मात्र त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठीं पुढें अर्धें आयुष्य खर्चावें लागलें.

उरलीं दोघें, रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री. दोघांनीं पायीं चार हजार मैलांहून अधिक मजल मारली. झेलमच्या कांठीं थंडींत पांघरूण नाहीं म्हणून वाळूंत थडग्यासारखे खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनीं रात्री काढल्या. हे खड्डे ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. रमाबाई स्वतः ते कधींच विसरल्या नाहींत.

१८७८ त कलकत्त्यास पंडितांनीं त्यांचा सत्कार करून ‘सरस्वती’ ही पदवी दिली, हें सर्वांस ठाऊक आहे. ख्रिस्ती उपासना पहिल्यानें पाहिली तीही कलकत्त्यासच, आणि ती गोष्ट मोठी मौजेची आहे. बहीण-भाऊ एका ख्रिस्ती मंडळींत पाहुणे म्हणून गेले होते. चहापाणी झालें, आणि मग जमलेले लोक आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकून बसले. मूर्ति कोठें दिसेना. तेव्हां हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात, असा या दोघांनीं समज करून घेतला! तेथें त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालें. तें वाचून पाहिलें, पण त्यांतली भाषा आणि शिकवण इतकी अनोळखी वाटली कीं वाचण्यांत वेळ घालविणें व्यर्थ, असेंच त्यांना वाटलें. त्याच शहरांत केशवचंद्र सेनांनीं त्यांच्या हातीं वेदाची प्रत ठेवली. स्त्रीनें वेद वाचूं नये, हा संस्कार मनांत पक्का. तरी वाचूं लागल्या. बायकांपुढें व्याख्यानें देण्यासाठीं धर्मशास्त्रें चाळतांना त्यांना असें आढळलें कीं, नाना विषयांत या ग्रंथांचें एकमेकांशीं पटत नाहीं, पण एका बाबतींत सर्वांचें एकमत आहे: स्त्रीजात वाईट, आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाहीं. श्रद्धेचा तळ तेथेंच फुटला.

१८८० त बंधु डाक्का येथें वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं जातिबंधन मोडून नोंदणी-विवाह केला. सिल्चरच्या घरीं पुस्तकांत एक लहानसें बंगाली पुस्तक हातीं लागलें, तें लूकचें शुभवर्तमान होतें. बाईंना त्याची गोडी लागली; ती गोष्ट पतीला रुचली नाहीं. पण वाद वाढावयास वेळच मिळाला नाहीं. फेब्रुवारी १८८२ त पटकीनें बिपिनबाबू गेले, आणि वर्षाचीही न झालेली मनोरमा कडेवर घेऊन रमाबाई त्याच वर्षीं पुण्यास आल्या. आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक, हें सर्व त्या एका वर्षांतलें. याच काळांत फादर नेहेम्या गोऱ्हे यांची गांठ पडली. हे मूळचे काशीचे नीलकंठशास्त्री, चित्पावन, षड्दर्शनांचे जाणते. १८४८ त ते ख्रिस्ती झाले, पण शंकांनीं त्यांचा पिच्छा जन्मभर सोडला नाहीं. दुसऱ्याचा संशय आपल्या तर्कानें फेडणारा हा मनुष्य स्वतः मात्र संशयानें पोळत असे. रमाबाईंच्या बुद्धीला ख्रिस्ती मत पटवून देण्याचें काम पुढें याच गोऱ्ह्यांच्या लेखणीनें केलें. ज्याच्या हातून मत मिळालें त्याच्याजवळच शांति नव्हती, तेव्हां ती त्याच्या शिष्येस कोठून मिळावी?

वैद्यकी शिकावी या हेतूनें रमाबाई १८८३ त इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सेंट मेरीच्या भगिनींनीं त्यांना ठेवून घेतलें. कान अधू असल्यामुळें वैद्यकीचा विचार सोडावा लागला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनीं तेथें आत्महत्या केली, आणि परक्या मुलुखांत ही तरुण विधवा लहानग्या मुलीसह एकटी उरली. याच सुमारास लंडनच्या फुलहॅम भागांत या भगिनींचें जें घर होतें तें त्यांनीं पाहिलें. पतित म्हणून समाजानें टाकलेल्या बायकांना तेथें मायेनें वागवीत असत. आपल्या देशांत अशा बाईच्या वाट्याला काय येतें तें रमाबाई जाणत होत्या. हे लोक असें कां करतात, म्हणून त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर पाण्याला आलेली, पांच नवरे झालेली ती बाई. आणि तिच्याशीं थांबून बोलणारा, उपासना अमुक डोंगरावरच करावी असें नाहीं म्हणून सांगणारा ख्रिस्त. ज्या ग्रंथांत स्त्रीला मुक्ति नाहीं ते ग्रंथ पाठ केलेल्या बाईला ही कथा कशी लागली असेल, हें समजावयास फारशी कल्पना लढवावी लागत नाहीं. कांहीं दिवसांनीं गोऱ्ह्यांचें एक पत्र वाचून बुद्धीचाही विरोध मावळला, आणि मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथून खरी कसोटी सुरू झाली. वाँटेजच्या भगिनींची अपेक्षा अशी कीं, नवशिक्या मुलीनें आतां वडीलधाऱ्यांचें मुकाट्यानें ऐकावें. पण शिष्या झाली होती अनंतशास्त्र्यांची कन्या! मतें ऐकून घ्यावयाचीं, पारखावयाचीं आणि मग स्वीकारावयाचीं, ही तिची जन्माची संवय. भगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्या दोघींचा आणि चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें छापून प्रसिद्ध केला. तो वाचतांना वाचक पुष्कळदां गोंधळून जातो. कारण प्रेम दोन्ही बाजूंस आहे, आणि तरीही दोघी एकमेकींना दुखवीत आहेत.

भांडणाचे विषय वरवर पाहतां क्षुल्लक. रमाबाई मांसाहार करीत नसत, आणि जुने आचार सर्वस्वीं टाकीत नसत. भगिनींना त्यांत जातीचा गर्व दिसे. गळ्यांत घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असा रमाबाईंचा प्रश्न. आपल्या देशांतील बायकांना संस्कृत जितकें परकें, त्याहून लॅटिन किती तरी अधिक परकें, हें त्यांचें म्हणणें अगदीं सरळ होतें. चेल्टनहॅमला त्यांनीं मुलग्यांस शिकवावें अशी गोष्ट निघाली, तेव्हां मुंबई व लाहोर येथील बिशपांनीं हरकत घेतली कीं, हिंदुस्थानांत हें कळल्यास बाईचें वजन राहणार नाहीं. ज्या बाईनें कलकत्त्याच्या पंडितसभेंत पुरुषांपुढें संस्कृतांत भाषण केलें, तिला हिंदुस्थानची रीत साहेबांनीं समजावून द्यावी, हा प्रकार विचित्रच! बाईंनीं तसें ऐकविलेंही.

पण याच्या तळाशीं मोठा प्रश्न होता. त्रैक्याचें मत रमाबाईंना पटेना. ख्रिस्ताच्या अलौकिक जन्माविषयीं शंका होती. पवित्र शास्त्र आपण वाचावें आणि आपल्या सद्सद्विवेकाला जें सांगितलें जाईल तें मानावें, चर्चच्या अधिकाऱ्याचें वचन केवळ तें त्याचें आहे म्हणून मानूं नये, असा त्यांचा निश्चय. स्वदेशांतील पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें तें दुसऱ्या पुरोहितांचें चढविण्यासाठीं नव्हे, अशा अर्थाचें त्यांनीं लिहिलें आहे. भगिनींना हा अहंकार वाटला. आज वाचणाऱ्यास तो तसा वाटत नाहीं; तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एका वाक्याला दुसरें वाक्य, एका वचनाला दुसरें वचन, अशा त्या झुंजींत रमाबाईंची सरशी पुष्कळदां होते, पण त्या पत्रांतून समाधान कोठें डोकावत नाहीं. वाद जिंकणाऱ्याचें मन निवतेंच असें नाहीं, हें शास्त्र्यांच्या घरांत वाढलेल्या मुलीला कळावयास हवें होतें. पण कळलें नव्हतें. त्यांत भर पडली ती पंथांची. इंग्लंडांत वरच्या मताचे, खालच्या मताचे, मेथडिस्ट, क्वेकर, युनिटेरियन. जो तो आपलेंच खरें म्हणे. काशींत शैव, वैष्णव, शाक्त यांचा कलह पाहून आलेल्या डोळ्यांना हें चित्र फारसें नवें वाटलें नसावें. चक्रव्यूहांत सांपडल्यासारखी मनाची स्थिति झाली.

१८८६ त रमाबाई अमेरिकेस गेल्या, त्या फिलाडेल्फियास डॉ. आनंदीबाई जोशी यांचा ११ मार्चचा पदवीदान-समारंभ पाहण्यासाठीं. तेथें तीन वर्षें फिरून, व्याख्यानें देऊन, १८८७ त ‘उच्चवर्णीय हिंदु स्त्री’ या विषयावर इंग्रजी ग्रंथ लिहून त्यांनीं विधवांच्या शाळेसाठीं मदत मिळविली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढें तें पुण्यास आलें. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढें महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. सदनांत धर्मोपदेश करावयाचा नाहीं, मुलींच्या आचारांत ढवळाढवळ करावयाची नाहीं, हा नियम ठरला. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार झाले. बाहेर सर्व सुरळीत. आणि हीच बाई एकांतांत काय विचार करीत होती? आपण मुलींना शिकवितों, जेवूं घालतों, पुस्तकें लिहितों. पण जिच्यासाठीं घर, जात आणि लोकांचें प्रेम सोडलें ती वस्तु आपल्याजवळ आहे काय? मी पुरी पडतें काय, हा प्रश्न त्यांना सुटेना. लहानपणीं व्रतांच्या गणनेनें मोक्षाचा हिशेब मांडला होता. आतां सेवेच्या गणनेनें तोच हिशेब चालला होता. वही बदलली होती, बाकी तशीच निघत होती.

अशा वेळीं, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाद्र्याचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. मरणांतून जीवनांत, असा त्याच्या नांवाचा अर्थ. हॅस्लम हा कॉर्नवॉलमधील बाल्धू गांवचा उपदेशक, रूढींचा पक्का अभिमानी, देवळाच्या सजावटींत रमणारा. त्याच्या माळ्याला आजारांत खरा पालट झाला, आणि तो माळी आपल्याच पाद्र्यासाठीं प्रार्थना करूं लागला. हॅस्लम अस्वस्थ झाला. दुसऱ्या एका पाद्र्यानें त्याला तोंडावर सांगितलें कीं, तुझा स्वतःचाच पालट झालेला नाहीं. १८५१ सालच्या एका रविवारीं तो व्यासपीठावर चढला तो आजारीपणाचें निमित्त करून लोकांना परत पाठवावें अशा विचारांत; पण बोलूं लागला, आणि बोलतां बोलतां त्याच्याच उपदेशाचा अर्थ त्याला उमगला. श्रोत्यांतून कोणी तरी ओरडला कीं पाद्रीबुवांचा पालट झाला! सारें देऊळ आनंदानें दणाणून गेलें.

या कथेंत रमाबाईंना आपलें प्रतिबिंब दिसलें. उपदेशक असून उपदेशाला पारखा असलेला तो मनुष्य, आणि ख्रिस्ती असून ख्रिस्ताला पारखी असलेली ही बाई. त्यांनीं पुन्हां पवित्र शास्त्र उघडलें. या वेळीं वाद करण्यासाठीं नव्हे. तारण ही कधीं तरी पुढें, योग्यता आल्यावर मिळावयाची वस्तु नसून ती आतांच, मागणाऱ्याला, फुकट दिलेली आहे, असें त्यांना त्यांत दिसलें. आपण पापी आहों आणि आपल्याजवळ देण्यासारखें कांहीं नाहीं, ही कबुली विदुषीला सर्वांत कठीण. ती त्यांनीं दिली. हृदयावरचें ओझें उतरलें, असें त्या लिहितात. यांत चमत्कार नाहीं, आकाशवाणी नाहीं, दृष्टान्त नाहीं. त्रैक्याचा सिद्धांत कोणी नव्या तर्कानें पटवून दिला, असेंही नाहीं. प्रश्नाचें उत्तर मिळालें त्यापेक्षां प्रश्न करणारीचा हट्ट निवाला, असें म्हणणें अधिक खरें होईल. ज्याच्या हातीं मरतेवेळीं बापानें दिलें होतें, त्याची ओळख तिला पटली.

शांति मिळाली म्हणजे संकटें टळलीं, अशी कोणाची समजूत असेल तर पुढची हकीकत ऐकावी. आंत आनंद झाला, तो बाहेर दिसूं लागला. रमाबाई आपल्या खोलींत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत, आणि दार लावीत नसत. मुली डोकावत, मग आंत येऊन बसत. दार लावावें, असें हितचिंतकांनीं सुचविलें. हिंदु मुलींना आपल्या देवाची पूजा करण्यास मोकळीक आहे, तर मीं माझी लपून कां करावी, असें बाईंचें म्हणणें. पुण्यांत गवगवा झाला. केसरीनें कडक टीका केली. १८९३ त रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं अंग काढून घेतलें, आणि कित्येक पालकांनीं मुली परत नेल्या. या प्रसंगीं एकाच बाजूला दोष देणें बरोबर नव्हे. ज्यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या विधवा मुली तेथें पाठविल्या, त्यांना नियम अक्षरशः पाळला जावा असें वाटणें स्वाभाविक होतें. आणि रानड्यांसारख्या सुधारकाला या प्रकरणानें किती मनस्ताप झाला असेल, याचाही विचार केला पाहिजे. उलट बाजूस, उघड्या दाराला फसवणूक म्हणणेंही कठीण आहे. जोतीराव फुले १८९० त निवर्तले होते. ते असते तर कोणत्या बाजूस उभे राहते, हें १८८५ च्या ‘सत्सार’मध्यें रमाबाईंची त्यांनीं जी बाजू घेतली तिच्यावरून कळण्यासारखें आहे.

विशेष हें कीं, वाँटेजला क्रूसावरच्या अक्षरांसाठीं कडाडणारी बाई या वादळांत, सारें पुणें उलटलें असतां, पूर्वींच्या मानानें निवांत दिसते. काम थांबलें नाहीं. १८९६-९७ त मध्य प्रांतांत दुष्काळ पडला. बातमी कानीं आली, आणि झेलमच्या कांठचे ते वाळूचे खड्डे रमाबाईंच्या डोळ्यांपुढें उभे राहिले. त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्यांवर, धर्मशाळांतून, सरकारी छावण्यांतून भुकेनें हाडें उरलेल्या, आणि त्याहूनही भयंकर म्हणजे दुष्ट लोकांच्या हातीं पडूं घातलेल्या मुली त्यांनीं पाहिल्या, आणि शेंकड्यांनीं आणल्या. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव येथें जमीन घेतलेली होती. तेथें त्यांना ठेवलें, आणि वसाहतीला ‘मुक्ति’ हें नांव दिलें. धर्मशास्त्रांत स्त्रीला जी नाकारलेली त्यांनीं वाचली होती, तेंच हें नांव. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील बायका-मुलींची संख्या सुमारें दोन हजारांवर गेली. कोणत्याही एका पंथाची पाटी त्यांनीं मुक्तीवर लावूं दिली नाहीं. तेवढा इंग्लंडांतला हट्ट शेवटपर्यंत टिकला.

उत्तरवयांत रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, कारण प्रचारांत असलेली भाषा खेड्यांतल्या बायकांना समजत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. कलकत्त्यास मिळालेलें संस्कृत बायबल ज्या बाईनें दुर्बोध म्हणून बाजूला ठेवलें, तिची ही तक्रार. हें काम हातीं असतांनाच, २४ जुलै १९२१ रोजीं, मनोरमा वारली. आई, बाप, बहीण, भाऊ, पति आणि आतां एकुलती एक मुलगी. रमाबाईंनीं भाषांतर पुढें चालू ठेवलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला. मुक्तीच्या छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम बायकाच करीत. त्यांनीं छापलेला तो ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.